माहिती नव्हती असं नाही

असं म्हटलं जातं की पाश्चात्त्य सरकारांना मित्रदेशात काय चाललंय हे बरेचदा उशिरा कळतं, वकिलाती गुळगुळीत अहवाल पाठवतात. निदान १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) केलेल्या कत्तलीच्या बाबतीत हे पटत नाही. ढाक्यातले अमेरिकी कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड यांनी २८ मार्चलाच, म्हणजे कत्तल सुरू झाल्यावर तीनच दिवसांत, वॉशिंग्टनला तार केली. तिचा विषयच होता 'निवडक वंशसंहार'. ६ एप्रिलला तर तिथल्या वीस अमेरिकनांनी सह्या करून स्वतःच्याच सरकारच्या धोरणाचा लेखी निषेध केला. फळ काय, तर ब्लड यांची मुदतीआधीच ढाक्यातून उचलबांगडी. आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सनने एका टिपणावर स्वतःच्या हाताने लिहिलं, याह्यांवर (पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्या खान) सध्या दबाव आणू नका. त्यातल्या 'नका'खाली तीन रेघा!

कारण एकच, अमेरिकेची चीनशी गुप्त बोलणी याह्यांमार्फत चालली होती. जुलैत निक्सनचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पोट बिघडल्याचं सोंग करून रावळपिंडीहून गुपचूप बीजिंगला गेले, तेही पाकिस्तानी विमानाने. तोवर लाखो निर्वासित सीमा ओलांडून आपल्याकडे आले होते. त्यांचा खर्च भागवायला लावलेलं पाच पैशांचं जादा पोस्टाचं तिकीट घरातल्या जुन्या पत्रांवर अजून सापडेल.