तापून बंद पडलेली जुनी गाडी: हेड उघडायच्या आधी काय तपासून घेऊ?

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

१५ वर्षं जुनी पेट्रोल गाडी, चार सिलिंडर. गेल्या आठवड्यात चढावर रेडिएटरचा खालचा होज पाइप फाटला आणि सगळं कूलंट वाहून गेलं. काटा लालवर गेला, मग चक्क थोडा खाली आला आणि इंजिन बंद पडलं. नंतर कळलं की सेन्सरभोवती पाणीच उरलं नाही तर काटा असा फसवतो. म्हणजे इंजिन नेमकं किती तापलं हे कळायला मार्ग नाही.

पाइप बदलून कूलंट भरलंय. गाडी सुरू होते, पण सकाळी पहिल्या स्टार्टला थोडा वेळ मिसिंग होतं, म्हणजे इंजिन अडखळत चालतं. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि तो इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट केलं तर बुडबुडे येतच राहतात. डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ आहे, दुधाळ झालेलं नाही.

मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, बाकीचं हेड उघडल्यावरच कळेल. गॅस्केटचं मलाही पटतं. पण हेड उतरवलं की मजुरीचा मोठा भाग तिथेच जातो, आणि मग आत काहीही निघालं तरी ‘एवढं केलंच आहे तर’ म्हणत माणूस पुढे ओढला जातो. म्हणून आधी सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट आणि तो कुठून गळतो ते दाखवणारी लीक-डाउन टेस्ट करून घ्यावी असं वाटतं. शेजारच्या दोन सिलिंडरांतच दाब कमी आला तर गॅस्केट त्यांच्यामध्ये फुटलं असावं. चारही सिलिंडर कमी आले तर पिस्टनच्या रिंगाही गेल्या असण्याची भीती, मग नुसतं हेड करून काय उपयोग? हा हिशोब बरोबर आहे का?

दुसरं, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. वाकलं असेल तर फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) सरळ होईल, पण एवढं तापल्यावर धातू मऊ पडतो असं वाचलं. हार्डनेस आणि क्रॅक तपासल्याशिवाय फेसिंगला द्यायचं नाही, असा आग्रह धरू ना? हेड बोल्टही नवेच घ्यावेत का?

बॉडीला गंज नाही, गिअरबॉक्स उत्तम. आणि खरं सांगायचं तर वडिलांचे गुडघे गेलेत. या गाडीच्या सीटची उंची त्यांना इतकी जमते की कुणाचा हात न धरता बसतात-उतरतात. नवीन गाड्या बघितल्या, एकीतही ते जमलं नाही. म्हणून बाजारभावापेक्षा थोडा जास्त खर्च झाला तरी माझी तयारी आहे, फक्त गाडी नंतर भरवशाची राहायला हवी.

रिंगाही गेलेल्या निघाल्या तर इंजिन पूर्ण बांधून घ्यावं की चांगलं जुनं इंजिन शोधून बसवावं? तापलेल्या इंजिनचं हेडकाम करून पुढे वर्षानुवर्षं गाडी चालवलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. टेस्टचे आकडे आले की इथेच टाकतो.