नवशिक्यांना हरणाच्या शिकारीचा असा सल्ला देऊ नका

मॅडिसनकर:
नोव्हेंबरचा हरणांचा सीझन जवळ आला की सल्ल्यांना ऊत येतो. इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर परवा ‘पहिल्याच सीझनला हरीण कसं मिळवाल’ अशी पोस्ट फिरली. सार असं: मोठ्यात मोठी मॅग्नम (जास्त दारूच्या काडतुसाची) रायफल घ्या, नेम डोक्यावर धरा, दोनशे यार्डांना घाबरू नका आणि गोळी लागली की लगेच मागे धावा. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. नवशिक्याने यातलं एकही करू नये.

मॅग्नमचा धक्का असा बसतो की चार गोळ्यांनंतर माणूस ट्रिगर ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो. व्हाइटटेलला, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, पॉइंट २४३ किंवा ३०८ कॅलिबरची रायफल भरपूर झाली. डोकं तर सगळ्यात वाईट जागा. मेंदू छोटा, मान सतत हलती. दोन इंच चुकलं की जबडा फुटतो. अशी एक मादी मी पाहिली आहे. खालचा जबडा लोंबत होता, तोंडात गवत तसंच अडकलेलं, आणि ती चालत होती. ती किती दिवसांनी भुकेने मेली असेल कोण जाणे.

जनावर आडवं उभं राहू द्या. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या अंगाला नेम धरा. तिथे हृदय आणि फुप्फुसं, जेवणाच्या ताटाएवढी जागा मिळते. तोंड तुमच्याकडे असेल, मध्ये फांदी असेल किंवा मागे काय आहे ते दिसत नसेल, तर बंदुकीची सेफ्टी (ट्रिगरची कळ) काढूच नका.

गोळी सुटल्यावर अर्धा तास बसून राहा. मग जिथे उभं होतं तिथलं रक्त बघा. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, जनावर जवळच पडलेलं असतं. काळपट असेल तर यकृत, तिथे काही तास थांबा. हिरवट आणि घाण वास असेल तर गोळी पोटात गेली. मग आल्या पावली परत फिरा आणि आठ-दहा तासांनी या. सोडून दिलं तर ते जवळच बसतं, मागे लागलात तर मैलभर जातं आणि हातचं जातं.

ऑस्टिनवाला:
ती पोस्ट माझी आहे. मी टेक्सासचा, आमच्याकडे हरणांसाठी मका टाकणारा फीडर लावणं कायदेशीर आहे. ऐंशी यार्डांवर, बंदूक टेकवून, स्थिर उभ्या हरणाच्या डोक्यात मारलं तर ते जागेवर कोसळतं आणि खांद्याचं मांस वाया जात नाही. तुमचा अर्धा तास विस्कॉन्सिनच्या थंडीत ठीक आहे. आमच्याकडे नोव्हेंबरातही दुपारी घाम फुटतो, मांस बिघडतं, वर कोयोटी (इथले कोल्ह्यासारखे प्राणी) टपलेले. मी बरीच वर्षं असंच करतोय. तुमचं तेवढं शास्त्र आणि आमचा काय पोरखेळ?

मॅडिसनकर:
मग फीडर, ऐंशी यार्ड आणि टेकू, हे पोस्टमध्ये लिहायचं होतं. तिथे लिहिलंय दोनशे यार्ड! आमच्याकडे विस्कॉन्सिनमध्ये बहुतेक काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) आमिष घालायलाच बंदी आहे. तुमचं वाचून इथला कुणी झाडावरच्या मचाणावर थरथरत बसून डोक्यावर नेम धरणार.

ग्रीनकार्डच्या_रांगेत:
तुम्ही कॅलिबरवर भांडताय, पण आपल्यातले कितीतरी जण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. फेडरल कायद्याप्रमाणे या व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही. अपवाद आहे तो चालू शिकार परवान्याचा. परवान्याची मुदत संपली की कपाटातली तीच रायफल गुन्हा ठरते. ‘बाळगणं’ म्हणजे विकत घेणंच असंही नाही, नेमबाजीच्या रेंजवर मित्राची हातात घेतली तरी धरतात. माझ्या ओळखीतल्या एकाने तसा फोटो फेसबुकवर टाकला होता. पुढचं वर्ष त्याने वकिलाच्या फोनची वाट बघत काढलं. पहिला सल्ला हा हवा, रायफल नंतर.

ऑस्टिनवाला:
हे मात्र शंभर टक्के. मी परवाना काढला तोच मुळी बंदुकीसाठी. आमच्या घरी चोरी झाली, बायको-मुलं आत झोपलेली. त्यानंतर आठवड्यात परवाना काढला. हरीण पुढच्या वर्षी आलं.

मॅडिसनकर:
म्हणजे शिकारीत काडीचा रस नसताना शिकारी म्हणून सही केलीत. अशा लोकांमुळेच उद्या हा अपवाद काढून टाकतील आणि जे खरोखर जंगलात जातात ते अडकतील.

ऑस्टिनवाला:
घरात चोर शिरला की मग बोला. कायद्यात परवाना लिहिलाय, मनातला हेतू लिहिलेला नाही.

ग्रीनकार्डच्या_रांगेत:
दोघंही थांबा. कायदा ऑस्टिनवाल्यांच्या बाजूने आहे, हे मान्य करावं लागेल. पण नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लावून ठेवा. व्हिसाच्या स्टॅम्पिंगला भारतात गेलात आणि मागे परवाना संपला, तर घरात ठेवलेली बंदूकही ‘बाळगण्यात’च येते.

नेपरविलची_आजी:
मुळात मारायचंच कशाला? देशात १९७२ पासून शिकारीला बंदी आहे, आणि इथे येऊन आपलीच मुलं हरणं मारतात. मला हे बघवत नाही.

गुहागरकर:
आजी, बंदी आहे ते बरोबरच. भेकराला हात लावला तर आम्हीही तुरुंगात जातो, जावंच. पण बंदीचं ओझं कोण वाहतं ते बघा. रात्रीत रानडुकरं भात लोळवून जातात, माकडं नारळ पाडतात. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घरात आहे, पण निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. नेमकं तेव्हाच पीक उभं असतं. तुम्हाला तिथे परवाने, सीझन, कोटा सगळं आखून मिळतं आणि तुम्ही डोकं की छाती यावर भांडताय.

लॅन्सिंगची_वहिनी:
मांसाबद्दल कुणी बोलणार आहे का? मी शिकार करते आणि स्वयंपाकही मीच करते. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली आणि आमच्या मिशिगनच्या रानात २०१५ साली हरणांचा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ (झिजवणारा रोग, क्षय म्हणजे टीबी नव्हे) सापडला. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध नाही, पण बाधित जनावर खाऊ नका असंच सांगतात. तो शिजवून जात नाही. डोकं तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत फ्रीझरला हात लावू नका. ऑस्टिनवाले भाऊजी, डोक्यात गोळी मारून नमुनाच खराब केलात तर तपासायचं काय?

दुसरं, शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. घरात लहान मुलं असतील तर तांब्याची गोळी वापरा. चरबी आणि पांढरा पापुद्रा सगळा काढा, उग्र वास तिथेच असतो आणि ती चरबी थंड झाली की टाळूला चिकटते. रात्रभर दह्यात ठेवून कांदा-खोबऱ्याचं वाटण लावा. बोकडापेक्षा लवकर कोरडं पडतं, म्हणून मांड्या मंद आचेवरच.

ऑस्टिनवाला:
वहिनी, नमुन्याचा मुद्दा लक्षात आला नव्हता. बरं, पोस्टमध्ये फीडर आणि टेकू घालतो, दोनशेचे शंभर करतो, आणि डोक्याचं वाक्य नवशिक्यांसाठी काढतो. मॅग्नमचंही काढतो, ती मलाही सोसत नाही. अर्धा तास मात्र टेक्सासला लावू नका.

मॅडिसनकर:
छातीत लागल्याचं डोळ्यांनी दिसलं असेल तर उकाड्यात लवकर जा, एवढं मी मानतो. पोटात लागल्याची शंका असेल तर मांस गेलं तरी चालेल, थांबायचंच.

पहिलंच_वर्ष:
मी ग्रीन बेला असतो. बंदूक कधी धरलेली नाही. सुरुवात कुठून करू?

मॅडिसनकर:
तुम्ही १९७३ नंतरचे असणार, म्हणजे हंटर एज्युकेशनचा कोर्स लागेल. तोवर मेंटर परवान्यावर जाता येतं, मेंटर म्हणजे सोबतचा अनुभवी शिकारी हाताच्या अंतरावर हवा. व्हिसा एच-वन-बी असेल तर आधी वरचं ग्रीनकार्डवाल्यांचं वाचा. कंबरेच्या वरचे निम्मे कपडे भगभगीत केशरी किंवा गुलाबी पाहिजेत. झाडावर चढताना हार्नेस (पडू नये म्हणून बांधायचा पट्टा) जमिनीपासूनच अडकवा आणि बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढा. ऑक्टोबरमध्ये या, माझ्याकडे पॉइंट २४३ आहे, रेंजवर जाऊ.