आबांच्या पायाचे फोटो दर ३ महिन्यांनी पाठवायचे म्हणतात, संशोधनाच्या कागदावर सही करू का?

राधानगरी_लेक
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा. आमचे आबा ६८ वर्षांचे, तरुणपणी गुऱ्हाळावर गुळव्या होते, काहील उतरवताना पाक नडगीवर सांडला त्याला आता ४० वर्षं होऊन गेली. तेव्हा जखम भरली पण चट्टा राहिला, कातडी ताणलेली, चकाकणारी, उन्हाळ्यात एकदा तरी तडकायचीच. गेल्या दिवाळीत तिथं फोड आला तो काय भरेना. हळद लावली, झाडपाला झाला, मेडिकलमधनं मलम आणलं, शेवटी कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वर आल्या आणि वास यायला लागला तेव्हा कोल्हापूरला आणलं. बायोप्सीत स्किन कॅन्सर निघाला. जुन्या भाजलेल्या जागेत कॅन्सर होतो हे आम्हाला माहीतच नव्हतं हो. ऑपरेशन झालं, मांडीची कातडी काढून लावली, महात्मा फुले योजनेत बसलं, आता चालतात. तर डॉक्टर म्हणतात अशा पेशंटचं पुढं काय होतं याचा अभ्यास चाललाय, ५ वर्षं दर ३ महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा आणि फोनवर थोडे प्रश्न. चार पानी कागद दिलाय सहीला. आबा म्हणतात माझ्यावर प्रयोग करणार हे. काय करू? आणि फोटो पाठवला तर एसटीची खेप वाचेल का?

उत्तरेश्वर_पेठ
ताई घाई करू नका. माझ्या मामांकडनं एका ठिकाणी तीन कागदांवर सही घेतली, एकही वाचून दाखवला नाही, नंतर विचारलं तर कुणाला काही सांगता येईना. कागद घरी आणा, दोघा-तिघांनी वाचा मगच काय ते ठरवा.

ड्रेसिंग_सिस्टर
मी सर्जरी वॉर्डात १२ वर्षं आहे. वरचं बरोबरच आहे, कागद घरी नेऊन वाचायचा तुमचा हक्कच आहे आणि तो मराठीतच मिळायला पाहिजे.
आबांना झालंय त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. फ्रेंच सर्जन ज्याँ-निकोला मार्जोलिन यांनी १८२८ साली जुन्या व्रणातल्या जखमांचं वर्णन केलं, त्यांचं नाव पडलं. भाजल्यापासून कॅन्सर व्हायला सरासरी ३० एक वर्षं जातात, म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही, लोक मलमं बदलत बसतात आणि आपल्याकडं गुऱ्हाळं, फौंड्र्या, चुली, भाजलेली माणसं कमी आहेत का.
आता प्रयोगाचं. तुम्ही लिहिलंय त्यावरनं हा निव्वळ निरीक्षणाचा अभ्यास दिसतो, नवीन औषध नाही की इंजेक्शन नाही, जी ट्रीटमेंट चालू आहे तीच राहते. तरी कागदात बघा: मधेच नाही म्हटलं तरी उपचार चालूच राहतील असं लिहिलंय का, फोटो कुणाकडं राहणार, छापायचा झाला तर वेगळी परवानगी घेणार का, आणि एथिक्स कमिटीच्या (अभ्यासात पेशंटवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या) माणसाचा नंबर आहे का. या कमिटीत वकील आणि एखादा साधा माणूससुद्धा बसतो, निम्मे सभासद बाहेरचे लागतात. औषधाची ट्रायल असती तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंद सक्तीची आहे, १५ जून २००९ पासून, तिथं कुणालाही बघता येतं.
५ वर्षं कशाला म्हणाल तर पेशंट परत येतच नाहीत हो. ऊस तोडीला जातात, नंबर बदलतो. बरा झाला म्हणून आला नाही की गेला ते कळत नाही आणि मग जे आले तेवढ्यांवर काढलेला आकडा चुकीचा ठरतो. तुमच्या एका फोटोनं पुढच्या पेशंटला खरं उत्तर मिळतं.
पण खेप वाचणार नाही. कॅन्सर पायाचा असला की जांघेत अवधान, म्हणजे गाठ, आलंय का हे बोटांनी चाचपून बघावं लागतं, तशी कड कडक लागते का तेही. फोटोत दोन्ही कळत नाही.

शिरोली_एमआयडीसी
सिस्टर अगदी खरं बोलल्या. माझ्या हातावर लोखंडाचा रस उडाला होता, सुपरवायझरनं लगेच फोटो काढून एका दवाखान्यात पाठवला, तिकडनं आलं वरवरचं आहे मलम लावा. पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो, पांढरी पडलेली कातडी गुलाबी दिसत होती त्यात. चौथ्या दिवशी प्रत्यक्ष दाखवलं तर खोल भाजलेलं, कातडी लावावी लागली. दुखत नव्हतं म्हणून मीपण गाफील राहिलो. फोटो दिवसा सावलीत काढा, फ्लॅश नको, एक लांबनं आणि एक जवळनं.

ड्रेसिंग_सिस्टर
आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे जखम किती सेंटिमीटर ते कळतं. चेहरा येऊ देऊ नका.

राधानगरी_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आबांना कागद मोठ्यानं वाचून दाखवला. निम्मे बाहेरचे, नंबर, कधीही नाही म्हणायची मुभा, सगळं होतं, फोटो छापायचं मात्र कुठंच नव्हतं तर आज डॉक्टरांना विचारून ते हातानं लिहून घेतलं. आबांनी स्वतः सही केली. लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून अंगणात पहिला फोटो काढला, आणि ३ महिन्यांनी जायचंच असं ठरलंय. एक राहिलं, मांडीची जागा भरलीय पण रात्रभर खाजते, खोबरेल लावलं तर चालेल?

ड्रेसिंग_सिस्टर
कुठं ओली नसेल, खपली पूर्ण सुटली असेल तर लावा, दिवसातनं दोन-तीनदा हलक्या हातानं. नखं कापा त्यांची. आणि ऊन लागू देऊ नका, दोन्ही जागांना.