डीएलएल बंद ठेवल्यावर परत लॉक व्हायचा वेळ

‘मेमरी चिपला काम नसलं की वीज वाचवायला तिचं डीएलएल (डिले-लॉक्ड लूप, म्हणजे चिपचा डेटा क्लॉकशी जुळवून ठेवणारं सर्किट) बंद करा’ असा सल्ला दिला जातो, तो बरोबर, पण परत लॉक व्हायला, म्हणजे क्लॉकशी पुन्हा जुळायला, लागणारा वेळ कुणी धरलेला दिसत नाही. डीडीआर३ मेमरीत सेल्फ-रिफ्रेशमधून (चिप स्वतःच डेटा टिकवून ठेवते आणि डीएलएल बंद असतं, ती झोपेची अवस्था) बाहेर आल्यावर रीडआधी ५१२ क्लॉक थांबावं लागतं. ८०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकला हे ६४० नॅनोसेकंद. छोट्या विश्रांतीसाठी हा आतबट्ट्याचा व्यवहार.

त्यापेक्षा एमआर०मधला (चिपच्या सेटिंगचं मोड रजिस्टर ०) ए१२ बिट ० ठेवा. सगळ्या बँका (चिपमधले मेमरीचे विभाग) प्रीचार्ज करून, म्हणजे त्यांतल्या उघड्या ओळी बंद करून, सीकेई (क्लॉक इनेबल सिग्नल) खाली नेला की चिप पॉवर-डाउनमध्ये जाते आणि डीएलएल गोठतं, आणि उठल्यावर रीडसाठी टीएक्सपीडीएलएल (डीएलएल गोठलेलं असताना उठल्यावरचा ठरलेला थांबा), म्हणजे १० क्लॉक किंवा २४ नॅनोसेकंद यांतलं जे जास्त तेवढंच थांबायचं. मेमरी कंट्रोलरमध्ये चुकून नुसता टीएक्सपी (डीएलएल चालू असतानाचा छोटा थांबा) भरलेला राहिला तर पहिल्या रीडलाच डेटा बिघडू शकतो (आणि खापर मात्र बोर्डच्या राउटिंगवर फुटतं).