सहा फुटी फिश टँक आत्ता, फरशी दोन वर्षांनी: जागा कशी करावी?

काळीमाती (दर्यापूर तालुका)
नमस्कार मंडळी. तळमजल्यावर बैठकीत ६ × २ × २ फुटांचा, १२ मिमी काचेचा टँक मांडायचं पाहून राहिलो. खाली जुनी शहाबादी आहे, दोन-तीन जागी खचलेली. दोनेक वर्षांनी तिथं व्हिट्रिफाइड टाइल्स टाकायच्या आहेत. घर भारी काळ्या जमिनीवर आहे. तोवर टँक शहाबादीवरच ठेवावा, की आधीच काही सोय करता येते?

मिस्त्रीकाम
भाऊ, आधी वजन पाहा. काठोकाठ ६८० लिटर होतात, म्हणून पाणी ६०० लिटर धरा. काच १२० किलो, वर स्टँड, दगड, रेती. सगळं मिळून ८५० किलोच्या आसपास, आणि तेही १२ चौरस फुटांवर. पक्क्या जमिनीला हे जड नाही. काळी माती मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एक कोपरा बसला की टँकला पीळ पडतो आणि सिलिकॉनचे जोड सुटतात किंवा तळाची काच तडकते.

म्हणून टँकचा ओटा आत्ताच वेगळा बांधून घ्या. ७ × २.५ फुटांतली शहाबादी काढा, काळी माती किमान २ फूट उपसा आणि मुरूम ६-६ इंचांच्या थरांत भरा. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस (ठोकून दाबणं) झालंच पाहिजे. इथं घाई केली तर ओटाही बसेल. जुन्या घराचा पाया उथळ असतो, तेव्हा भिंतीलगत खोदू नका, फूटभर सोडा. ती जागा पाइपांना कामी येते. मुरमावर १:४:८ (सिमेंट:रेती:गिट्टी) चं ४ इंच काँक्रीट, त्यावर ५ इंच आरसीसी (१:१.५:३), ८ मिमी सळाख दोन्हीकडून ६ इंचांवर. ओट्याच्या चारही बाजूंनी अर्ध्या इंचाचा थर्माकोल उभा लावा, म्हणजे फरशी हलली तरी ओटा हलत नाही. १४ दिवस पाणी मारा, टँक २८ दिवसांनंतरच भरा.

ओटा आजच्या फरशीपेक्षा ३ इंच वर ठेवा. शहाबादीवरच टाइल्स चिकटवल्या तर पातळी साधारण १५ मिमी वाढते. तरी दोन इंचांहून जास्त ओटा वर राहतो आणि स्कर्टिंग (कडेची उभी टाइलपट्टी) नीट बसते. ओट्याची लेव्हल पाणी भरलेल्या पाइपनं तपासा. सहा फुटांत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको, आणि तो स्टँडच्या पायांखाली पत्रा देऊन काढायचा, काचेखाली पाचर ठोकून कधीच नाही. स्टँडवर १८ मिमी प्लाय, त्यावर १० मिमी फोम शीट.

पाणघर
ओट्याचं खोदकाम चालू असतानाच दीड इंची पीव्हीसी पाइप टाकून ठेवा. आठवड्याला २५ टक्के म्हटलं तरी १५० लिटर पाणी बाहेर जाणार. आठ फुटांना एक इंच उतार द्या आणि तोंड भिंतीपासून आठ-दहा फूट लांब काढा. पायाजवळ पाणी मुरलं की काळी माती तिथंच फुगते, मग भिंतीला भेगा. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी खारं असेल तर टँकमधून काढलेलं पाणी झाडांच्या आळ्यात सोडू नका. उन्हाळ्यात टँकमधलं पाणी उडतं, क्षार मागं राहतात, म्हणून ती भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं करा. वायरचा पाइपही आत्ताच टाका. स्विचबोर्ड टँकच्या काठापेक्षा वर.

काळीमाती
टाइल्सच्या वेळी टँक रिकामा करावा लागेल का? आणि काम कोणत्या महिन्यात काढावं?

पाणघर
वेगळ्या ओट्यावर असेल तर नाही. शहाबादी काढायची झालीच तर ओट्याजवळ ब्रेकर मशीन लावू देऊ नका, छिन्नी-हातोडीनंच काढायला सांगा. सिमेंटच्या धुळीनं पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) चढतो, म्हणून टँक प्लास्टिकनं झाका आणि एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून फक्त नळी आत आणा, नाहीतर पंप तीच धूळ ओढून पाण्यात सोडेल. टाइल्स ॲसिडनं धुवायच्या नाहीत, हे मिस्त्रीला आधीच बजावा. हलवायची वेळ आलीच तर पूर्ण रिकामा करूनच हलवा. मासे ५०० लिटरच्या प्लास्टिक टाकीत जातील, फिल्टरही त्याच टाकीवर चालू ठेवा. बंद पडला तर त्यातले जिवाणू मरतात आणि अमोनिया वाढतो. लाइन गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या. काम फेब्रुवारीत काढा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्या टाकीत हीटरशिवाय मासे गारठतात, आणि एप्रिलपासून पाणी इतकं तापतं की त्यातला प्राणवायू कमी पडतो.