व्हीएनसीला पासवर्ड असूनही सर्व्हर उघडा राहू शकतो का?

प्रश्न – काटेवाला, पारोळा
आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरील विंडोज एक्सपी संगणकात रिअलव्हीएनसी या व्हीएनसी सॉफ्टवेअरची, म्हणजे दुरून संगणकाचा पडदा पाहण्याच्या व तो चालवण्याच्या सॉफ्टवेअरची, ४.१.१ ही मोफत आवृत्ती आहे. मालकांना धुळ्यातून पावत्या पाहता याव्यात म्हणून राउटरमध्ये ५९०० पोर्ट (व्हीएनसीच्या जोडणीचा दरवाजा) बाहेरून खुला ठेवला आहे. पासवर्ड आठ अक्षरी आणि अवघड असल्याने काळजीचे कारण नाही, असे संगणक बसवणाऱ्याचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर – सर्व्हरखोली, जळगाव
भाऊ, ते बरोबर नाही, कारण या आवृत्तीत पासवर्ड विचारला जाण्याआधीच आत शिरता येते. जोडणीच्या सुरुवातीला सर्व्हर (तुमच्या संगणकावरील व्हीएनसी) आपल्याला मान्य असलेल्या ओळख-पद्धतींची यादी पाठवतो आणि क्लायंट (बाहेरून जोडणारा संगणक) त्यातील एका पद्धतीचा क्रमांक परत कळवतो. १ म्हणजे ओळख नको, २ म्हणजे पासवर्ड. तुमचा सर्व्हर यादीत फक्त २ पाठवतो, पण उत्तरात १ आला तर तो क्रमांक आपण दिलेल्या यादीत होता का, हे ४.१.१ तपासतच नाही आणि थेट पडदा दाखवतो. बाजार समितीच्या फाटकावर "मला पास लागत नाही" असे गाडीवानानेच सांगावे आणि पहारेकऱ्याने मान डोलवावी, तसा हा प्रकार आहे. ही त्रुटी २००६ च्या मे महिन्यात उघड झाली आणि ४.१.२ मध्ये दुरुस्त झाली. पासवर्ड बदलून काहीही साधणार नाही.

उत्तर – रात्रपाळी, भुसावळ
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र केवळ ४.१.२ बसवून थांबू नका. पोर्ट बंद करा आणि मालकांना व्हीपीएनमधून (इंटरनेटवरील खासगी, सुरक्षित जोडणीतून) येऊ द्या, म्हणजे उद्या दुसरी त्रुटी निघाली तरी सर्व्हर रस्त्यावर उभा नसेल. हे जुने दुखणे आहे असेही समजू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत स्क्रीनकनेक्ट या दुरून संगणक चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या २३.९.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत वेब-पत्त्याच्या शेवटी थोडी भर घातली की पहिल्या मांडणीचे पान पुन्हा उघडत होते आणि कोणालाही नवा अ‍ॅडमिन होता येत होते. त्या त्रुटीला गांभीर्याचे दहापैकी दहा गुण मिळाले होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (संगणकाच्या नोंदवहीत) अनोळखी आयपीवरून आलेल्या जोडण्या दिसतात का, हेही आजच पाहून घ्या.

काटेवाला, पारोळा
दोघांचेही आभार. नवा संगणक सध्या शक्य नाही, कारण काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टला जोडलेला आहे आणि त्याचे सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालते. त्यामुळे राउटरमधील ५९०० चा नियम आत्ताच काढला. दहाच मिनिटांत "पावत्या का दिसत नाहीत?" असा मालकांचा फोन आला, तेव्हा व्हीपीएनचे काम आज संध्याकाळीच हाती घ्यावे लागेल.