भावाच्या टँकर जॉइनिंगसाठी पैसे मागतायत, भरावेत का? (सोमवारच्या आत उत्तर हवंय)

अंजर्ल्याची_लेक: धाकट्या भावाला शिपिंग कॉर्पोरेशनच्या केमिकल टँकरवर लावतो म्हणून बेलापूरचा एक एजंट पैसे मागतोय. सोमवारी संध्याकाळपर्यंत भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला देणार म्हणे. बाबा आंब्याचे आलेले पैसे घेऊन निघायच्या तयारीत आहेत. लवकर सांगा.

जुना_बोसन: कोर्स कुठला झालाय? सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, आहे का? मागतोय किती?

अंजर्ल्याची_लेक: सीडीसी आहेच हो, त्याशिवाय कशाला विचारेन. जीपी रेटिंग, म्हणजे खलाशाचा सुरुवातीचा कोर्स, झालंय. 3 लाख.

बंदरकाठ: ताई, टँकरवर पाठवूच नका. बल्कवर, म्हणजे सुट्या मालाच्या बोटीवर, जाऊ दे, निदान श्वास तरी मोकळा. मी आठ वर्षं कोळसा-खनिजाच्या बोटींवर काढली.

जुना_बोसन: कोळशाच्या होल्डमध्ये, बोटीच्या पोटात, झाडू मारताना मोकळा श्वास? टँकरवर शिस्त कडक असते, पण पोरगा काम शिकतो. ताई, ऑइल-केमिकल टँकरचा बेसिक कोर्स केलाय का त्याने? गॅसचा वेगळा असतो.

हर्णै_बंदर: ईस्टर्न आणि वेस्टर्न या दोन सरकारी कंपन्या एक होऊन 2 ऑक्टोबर 1961 ला शिपिंग कॉर्पोरेशन झाली. पवईला त्यांनी ट्रेनिंग इन्स्टिट्यूट काढली. मुलाला डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, करायचं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं.

अंजर्ल्याची_लेक: कॅडेटचं कोण विचारतंय? टँकरचा कोर्स नाही झालेला. एजंट म्हणतो, बोटीवर चढल्यावर होईल.

जुना_बोसन: चढल्यावर नाही होत, आधी लागतो. आणि नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत, एमएलसी 2006 या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट आहे. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसीचा खर्च तेवढा आपला. एजंटचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या लायसन्सचा नंबर, मागा आणि डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत बघा. लेटर दिलंय का?

अंजर्ल्याची_लेक: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आलाय. जॉइनिंग पोर्टची जागा कोरी. बोटीचा आयएमओ नंबर, म्हणजे बोटीचा ओळख नंबर, आहे, 9312465. नंबर आहे म्हणजे बोट खरी ना?

बंदरकाठ: थांबा. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा आकडा असायला हवा. 63, 18, 5, 8, 12, 12. झाले 118. शेवटी 8 हवा, तुमच्याकडे 5 आहे. असा नंबर कुठल्याच बोटीला मिळत नाही.

अंजर्ल्याची_लेक: तीनदा करून बघितलं. 8 च येतोय. बाबा पडवीत बसलेत, त्यांच्यासमोर कागदावर मांडून दाखवते.

जुना_बोसन: मूळ सीडीसी कुठे आहे?

अंजर्ल्याची_लेक: त्याच्याच ऑफिसात. शुक्रवारी व्हेरिफिकेशनला म्हणून ठेवून घेतली.

जुना_बोसन: मग पैशांचं राहू दे. उद्या पहाटेच्या एसटीने भावाला घेऊन निघा, सीडीसी हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नका. देत नसेल तर तिथूनच सरळ पोलीस स्टेशन. मी वाशीला राहतो, व्यनि (खाजगी मेसेज) करा, सोबत येतो.